सुंगटांना पाणी का सुटतं, आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात ओव्हनमध्ये गार्लिक बटर सुंगटं (म्हणजे कोळंबी) कशी करायची ते लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आलेत आणि त्यातले निम्मे तरी पाण्याबद्दलचे आहेत. ज्यांच्याकडे तो अंक नाही त्यांच्यासाठी कृती पुन्हा थोडक्यात सांगते. अर्धा किलो सोललेली सुंगटं (शेपटी ठेवली तर छान दिसतं), साधारण ६० ग्रॅम बटर, गावठी लसणीच्या १२-१५ पाकळ्या चिरून, मिरपूड, किंचित काश्मिरी मिरचीपूड, कोथिंबीर, अर्धं लिंबू. ओव्हन २०० डिग्रीला पूर्ण तापवायचा, ट्रेमध्ये बटर आणि लसूण घालून ३-४ मिनिटं आत ठेवायचा, मग कोरडी केलेली सुंगटं त्यात घोळवून एकाच थरात पसरायची, ६ ते ८ मिनिटं ठेवायची, आणि बाहेर काढल्यावर लिंबू, कोथिंबीर. झालं. आता प्रश्न.

ताई, सगळं तुमच्या मापानेच घेतलं पण ट्रेमध्ये नुसतं पाणीच पाणी झालं. बटर वर तरंगत होतं आणि सुंगटं उकडल्यासारखी लागली. बटर खराब होतं का? (पर्वरीहून एक वाचक)

बटरला दोष देऊ नका. बटरमध्ये कमीत कमी ८० टक्के फॅट असतं आणि उरलेल्यात बहुतेक पाणी, म्हणजे ६० ग्रॅम बटरमधून फार तर १० ग्रॅम पाणी येणार, ते गरम ट्रेमध्ये उडूनही जातं. तुमच्या ट्रेमध्ये साचलं ते पाणी सुंगटांचं, आणि ते तीन-चार कारणांनी येतं, बहुतेक वेळा सगळी कारणं एकदमच असतात.

पहिलं कारण म्हणजे धुतली आणि तशीच घातली. चाळणीत पाच मिनिटं ठेवलं की निथळतात असं आपल्याला वाटतं पण सुंगटाच्या पाठीवर जी चीर दिलेली असते ना, काळा दोरा काढायला, त्या चिरेत पाणी धरून राहतं. स्वच्छ सुती फडक्यावर पसरा, वरून दुसरं फडकं दाबा, आणि फडकं ओलं झालं तर बदला. मी हे काम पहिलं करून ठेवते, लसूण सोलायच्याही आधी, म्हणजे बाकीची तयारी होईपर्यंत सुंगटं फ्रिजमध्ये उघड्या ताटलीत आणखी सुकतात.

दुसरं, फ्रोजन पाकीट. त्यावर बर्फाचा थर मुद्दाम दिलेला असतो, आतलं मांस सुकू नये म्हणून, आणि बऱ्याच पाकिटांत सुंगटं फॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेली असतात त्यामुळे ती जास्त पाणी धरून ठेवतात आणि शिजताना सोडतात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचा, नुसतं सुंगट आणि मीठ असेल ते घ्या. आणि वितळवायचं ते रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवून, घाई असेल तर बंद पिशवीत घालून थंड पाण्यात अर्धा तास. गरम पाणी नको, त्याने बाहेरून शिजायला लागतात आणि आत बर्फ तसाच.

तिसरं, गर्दी. हे सगळ्यात जास्त घरांत होतं कारण आपल्या ओटीजीचा (ओट्यावरच्या छोट्या ओव्हनचा) ट्रे छोटा आणि माणसं पाच. एकावर एक सुंगटं पडली की खालच्याची वाफ वरच्याला लागते, आणि मग ते भाजणं राहत नाही, वाफवणं होतं. दोन घाण्यांत करा. पहिला घाणा खाऊन होईपर्यंत दुसरा तयार होतो, पटपट होणारी गोष्ट आहे ही, बिर्याणी थोडीच आहे.

चौथं म्हणजे मीठ लावून तासभर ठेवणं. माशाला आपण मीठ-हळद-आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून ठेवतो ना, त्याच सवयीने सुंगटांनाही लावतात. मीठ पाणी बाहेर ओढतं. बाजारात मिळणारं बटर बहुतेक खारवलेलंच असतं, त्यामुळे मीठ अगदी चिमूटभर आणि ट्रेमध्ये घालायच्या आधी लावलं तरी पुरतं. याला एक अपवाद आहे, तो रबराच्या प्रश्नात सांगते.

कुठली सुंगटं घेऊ, वाघी की पांढरी? आणि बाजारात ताजी आहेत हे कसं ओळखायचं, मला दर वेळी फसवतात असं वाटतं. (डिचोलीची वाचक, लग्न होऊन घाटावरून गोव्यात आलेली)

अगं, आधी आकाराचं बघ, जातीचं नंतर. ओव्हनला मध्यम ते मोठी लागतात, डोक्यासकट किलोला ३० ते ४० बसतील अशी. छोटी सुंगटं म्हणजे हुमणाची (नारळाच्या आमटीची), ओव्हनमध्ये लसणीला रंग यायच्या आधी ती कडक होऊन जातात. आणि डोकं-साल काढल्यावर वजन निम्म्याच्या आसपास येतं हे लक्षात ठेव. अर्धा किलो सोललेली हवी तर किलोभर घ्यायला लागतील, नवीन माणूस इथेच चुकतो आणि मग ताटात प्रत्येकी तीन-तीन येतात.

वाघी म्हणजे अंगावर पट्टे असलेली टायगर, मांस घट्ट, भाजायला उत्तम, महागही. पांढरी गोडसर आणि नाजूक, ती एक-दोन मिनिटं लवकर काढायची. आणि वर्षभर एकसारख्या आकाराची जी दिसतात ती बहुतेक तळ्यातली व्हनामी. ही मूळची लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडची, आपल्या देशात तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली. वाईट नाही, ओव्हनला चालते, फक्त चवीला जरा सपक म्हणून तिला लसूण आणि मिरी सढळ हाताने.

पण माझं मन विचारशील तर मानशीची सुंगटं. तू नवीन आहेस म्हणून सांगते. आपल्याकडे दिवाडी, चोडण, आणि मांडवी-जुवारीच्या काठाकाठाने खाजन जमिनी आहेत, खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली शेतं, आणि त्या बांधात लाकडी दारं असतात ती मानस. भरतीच्या जोराने दार आपोआप बंद होतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. त्या ओहोटीच्या वेळी तोंडाशी जाळं लावतात, पाण्याबरोबर जी सुंगटं बाहेर पडतात ती ही. आकाराने सारखी नसतात, त्यातली मोठी वेचून ओव्हनला आणि बारकी हुमणाला असं करायचं. गोडवा असा की लसूण कमी घालावीशी वाटते. जिथे बांध फुटून खाजनं बुडाली तिथे हे सगळंच बंद पडलं, आणि ज्या गावांनी अजून बांध राखलेत त्यांच्याकडून विकत घेताना मी कधी घासाघीस करत नाही.

आता ताजेपणा. डोकं अंगाला घट्ट जोडलेलं हवं, लोंबत असेल तर सोड. साल चकचकीत, बोटाने दाबलं तर मांस परत वर येणारं. वास समुद्राचा हवा, नाकात झणकन जाणारा अमोनियासारखा आला तर पुढच्या नुस्तेकान्नीकडे (मासेवालीकडे) जायचं, भीड धरायची नाही. डोक्याजवळ किंवा सालीवर काळे डाग दिसले तर लगेच कुजलं असं समजू नकोस, कापलेलं सफरचंद काळं पडतं ना तसाच तो प्रकार असतो, पण बरेच तास झालेत एवढं मात्र त्यावरून कळतं, मग वास घेऊनच ठरव. आणि बर्फात आहेत का बघ, बर्फाशिवाय उन्हात मांडलेली कितीही चांगली दिसली तरी नको. म्हापशाला किंवा पणजीला सकाळी लवकर गेलीस तर निवडायला वाव मिळतो, दुपारी उरलेलं असतं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ६१ दिवस. त्या काळात समुद्राची ताजी म्हणून कोणी मोठी सुंगटं दाखवली तर ती खाडीची, तळ्यातली किंवा बर्फातली आहेत का ते सरळ विचार. ऑगस्टमध्ये ट्रॉलर परत समुद्रात जातात आणि नेमका तेव्हाच आपल्या घरांत श्रावण, त्यामुळे माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत या रेसिपीचा मुहूर्त चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावरच लागतो.

माझी सुंगटं रबरासारखी होतात. ८ मिनिटंच ठेवली होती, घड्याळ लावून. (मडगावहून एक काका, निवृत्तीनंतर स्वयंपाक शिकतायत)

काका, घड्याळ लावलंत हे चांगलंच केलंत, पण घड्याळाला तुमच्या सुंगटांचा आकार माहीत नाही. ६ ते ८ मिनिटं मी किलोला ३०-४० वाल्यांसाठी लिहिली होती, पांढरी असतील तर ५ मिनिटांनीच बघायचं, किलोला १५-२० बसणारी मोठी वाघी असेल तर १० मिनिटंही लागतील. म्हणून बघायचं ते सुंगटाकडे. कच्चं असताना मांस काचेसारखं अर्धपारदर्शक करडं असतं, शिजलं की दुधासारखं पांढरं आणि वरून केशरी. तो केशरी रंग आधीपासून आतच असतो, कच्च्या सुंगटात तो एका प्रोटीनला बांधलेला असतो म्हणून दिसत नाही, आच लागली की सुटतो. त्यामुळे रंग आला म्हणजे शिजलं असं नाही, तो तर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच येतो. पाठीवरची चीर जिथे सगळ्यात जाड आहे तिथे आत डोकावून बघा, करडेपणा गेला की काढा.

आकारही सांगतो. सैलसर वळलेलं, इंग्रजी सी अक्षरासारखं झालं की बरोबर. गोल गोल होऊन शेपटी डोक्याकडच्या टोकाला टेकली की उशीर झाला. याचं कारण असं की मांसातली प्रोटीनं दोन टप्प्यांत आवळतात, पहिल्या टप्प्यात मांस घट्ट आणि रसदार होतं, तापमान ६५ च्या वर चढत गेलं की दुसरी आवळायला लागतात आणि रस पिळून बाहेर टाकतात. थर्मामीटर असेल तर ६३ डिग्री हा आकडा पुरे.

आणि ओव्हन बंद केल्यावर ट्रे आतच ठेवलात का? बरेच जण ठेवतात, गरम राहतील म्हणून. तापलेल्या ट्रेमध्ये सुंगटं शिजतच राहतात. थोडी राहिलीत असं वाटत असतानाच बाहेर काढा आणि दुसऱ्या ताटात ओता, उरलेलं ती स्वतःच्या उष्णतेवर करतील.

लिंबाचंही विचारते. आधी लावून ठेवलंत का? लिंबाच्या आंबटाने मांस आचेशिवायच घट्ट होतं, अर्धा तास लिंबात राहिलेलं सुंगट ओव्हनमध्ये जायच्या आधीच अर्धं शिजल्यासारखं झालेलं असतं. लिंबू शेवटी, ताटात.

आता तो अपवाद. अर्धा किलो सोललेल्या सुंगटांना पाव चमचा खाण्याचा सोडा आणि पाव चमचा मीठ चोळून २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग टिपून घ्या. सोड्यामुळे मांस शिजताना रस धरून ठेवतं आणि दाताखाली कुरकुरीत तुटतं, बाहेरच्या हॉटेलात लागतं तसं. पाव चमच्याच्या वर जाऊ नका, साबणाची चव येते. मानशीच्या ताज्या सुंगटांना याची गरजच नाही, फ्रोजनला मात्र खूप फरक पडतो.

लसूण जळून कडू होते. (दोघा-तिघांनी विचारलंय)

किसता का? किसलेली लसूण किंवा तयार पेस्ट लगेच करपते आणि पेस्टमध्ये बहुतेक वेळा आलंही असतं, त्याची चव इथे नको. सुरीने चिरा, तांदळाच्या दाण्याएवढी. बटरमध्ये दुधाचा जो अंश असतो तो १५० डिग्रीच्या आसपास काळा पडायला लागतो, तेलाने ते थांबत नाही, पण लसूण सगळी बुडावी म्हणून चमचाभर खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल बटरमध्ये मिसळा, बटराच्या बाहेर ट्रेच्या कोपऱ्यात चिकटलेले तुकडेच पहिले जळतात. ट्रे मधल्या खणात ठेवा, वरच्या रॉडच्या जवळ नको. लसणीचा रंग फिकट सोनेरी झाला की लगेच सुंगटं घाला, ती पडली की तापमान उतरतं आणि लसूण वाचते. मी अर्धी लसूण सुरुवातीला घालते आणि अर्धी सुंगटांबरोबर, एक भाजलेली चव आणि एक तिखट ताजी, दोन्ही मिळतात.

आमच्याकडे ओटीजी नाही, मायक्रोवेव्ह आहे. चालेल? आणि मध्येच लाइट गेली तर? (वाळपईहून कॉलेजला जाणारी मुलगी)

तुझ्या मायक्रोवेव्हला कन्व्हेक्शन मोड असेल तर चालेल, २०० डिग्रीला रिकामाच तापू दे आणि कन्व्हेक्शनला चालणारं भांडं वापर. नुसता साधा मायक्रोवेव्ह असेल तर नको गं, त्यात सुंगटं कुठे कच्ची कुठे कडक होतात आणि काहीच भाजलं जात नाही. त्यापेक्षा बिडाचा तवा घे, मोठ्या आचेवर चांगला तापव, सुंगटं एका थरात ठेवून एका बाजूने दीड-दोन मिनिटं, उलटून मिनिटभर, मग आच मंद करून बटर आणि लसूण घाल आणि मिनिटभर हलव. ओव्हनसारखं एकसारखं होत नाही पण चव कमी नाही, किनाऱ्यावरच्या शॅकमध्येही ती तव्यावर नाहीतर पॅनमध्येच होतात.

लाइट गेली तर दार उघडू नकोस. आतली उष्णता पाच-सहा मिनिटं पुरते, सुंगटांना तेवढंच तर लागतं. मग उघडून बघ, कच्ची वाटली तर ट्रेमधलं सगळं तव्यावर ओत.

गार्लिक बटर एकदम जास्त करून बरणीत भरून ओट्यावर ठेवलं तर किती दिवस टिकेल? लोणचं टिकतं तसं टिकेल ना? (फोंड्याहून एक वाचक)

नाही, ओट्यावर अजिबात ठेवू नका. हे मी जरा कळकळीने सांगते कारण ही चूक दिसत नाही. लसूण मातीतून येते आणि तिच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलात किंवा बटरमध्ये बुडाली की हवा लागत नाही, आंबटपणा नाही, आणि खोलीची ऊब मिळते. या जिवाणूला विष तयार करायला नेमकं हेच लागतं. त्या विषाने माणसाच्या नसा लुळ्या पडतात, श्वासापर्यंत जातं, आणि बरणीला वास येत नाही, रंग बदलत नाही. लोणच्यात मीठ आणि आंबट दोन्ही भरपूर असतं म्हणून ते टिकतं, हे तसं नाही.

तुम्हाला हवंच असेल तर थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. जास्त केलं तर बर्फाच्या साच्यात घालून फ्रीजरमध्ये, एक-एक क्यूब काढून वापरता येतो, खूप सोयीचं पडतं. आधीच ओट्यावर ठेवलेली बरणी असेल तर चाखून न बघता टाकून द्या.

सासऱ्यांना कोलेस्टेरॉल आहे, त्यांना देऊ का? आणि माझ्या पुतण्याला सुंगटांनी अंगावर गांधी उठतात, ओव्हनमध्ये नीट भाजली तर चालतील का? (साखळीहून एक वाचक)

दुसरं आधी. पुतण्याला नको, भाजून, तळून, उकडून, कशीच नको. ज्या प्रोटीनची ही ॲलर्जी बहुतेकांना असते ते आचेने मोडत नाही. त्याचं जेवण वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने, आणि त्याच ट्रेमध्ये नंतर त्याच्यासाठी बटाटे भाजू नका. सुक्या सुंगटांची किसमूरही त्याला चालणार नाही, ती घरातले विसरतात. आज गांधी उठल्या म्हणजे पुढच्या वेळी तेवढंच होईल असं नसतं, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

सासऱ्यांचं त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, पण एक माहिती असू द्या. सुंगटात कोलेस्टेरॉल असतं खरं, पण फॅट अगदी थोडं, १०० ग्रॅमला दीड-दोन ग्रॅमही नाही. इथे जड आहे ते बटर, एका मोठ्या चमच्यात ७ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट. डॉक्टर हो म्हणाले तर त्यांच्यापुरती चार सुंगटं वेगळ्या वाटीत ऑलिव्ह तेल आणि लसणीत भाजा. स्पेनमध्ये लसणीतली सुंगटं ऑलिव्ह तेलातच करतात, त्यांना कमी दर्जाचं दिल्यासारखं होणार नाही.

सोबत काय करायचं? भाताबरोबर घरातल्यांना आवडलं नाही. (काणकोणहून)

भाताला हुमणच हवं, याच्याबरोबर पाव पाहिजे. संध्याकाळी पदेराचा (पाववाल्याचा) भोंपू ऐकू आला की पोय, म्हणजे आतून पोकळ असलेला गोवेकरी पाव, घ्या, गरम असतानाच, आणि ट्रेमधलं लसणीचं बटर तिच्या पोकळीत भरून खा. बटरपेक्षा त्यात उतरलेला सुंगटांचा रस महत्त्वाचा, म्हणूनच पहिल्या प्रश्नात पाण्याबद्दल एवढं लिहिलं, पाणी झालं की हा रस पातळ होऊन जातो. बाजूला काकडीची कोशिंबीर आणि सोलकढी, बटराचा जडपणा कमी होतो. शिळी पोय असेल तर तिचा चुरा बटरमध्ये परतून शेवटच्या दोन मिनिटांत सुंगटांवर भुरभुरा, वरून कुरकुरीत होतं.

आणि डोकी टाकू नका हो. किलोभर सुंगटांची डोकी आणि साली तेलावर लाल होईपर्यंत परता, पळीने दाबा म्हणजे डोक्यातलं केशरी सुटतं, दोन भांडी पाणी घालून २० मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतं. सकाळी नारळाचं वाटण त्या पाण्यात सैल केलं की बारक्या सुंगटांच्या हुमणाला वेगळाच दाटपणा येतो, मागून राहिलेली पोय त्यात बुडवायला पोरं स्वयंपाकघरातच उभी राहतात.